मशेरीचा वास आणि माहेरची हाडं

सकाळी दहाच्या सुमाराला मला सलग चार शिंका आल्या, तेव्हाच कळलं, शेजारच्या मावशीने चुलीवर तवा ठेवलाय. आमच्या दोन परसांमध्ये काटेरी तार आहे, तिच्यावर मायाळूचा वेल. पण भाजलेल्या तंबाखूचा वास वेलाला जुमानत नाही. पलीकडे हायवेवर कंटेनरची रांग, अलीकडे हा ठसका. आमच्या कोन गावात फुप्फुसांना सुट्टी म्हणून नाही.

"काय गो, ताक पायजे? वाटी आण," मावशी तारेजवळ आली.

मला ताक नको होतं, बाळाची खबर हवी होती. तिची सून परवाच पनवेलहून बाळंत होऊन घरी आलीय.

"किती भरलं?"

"सव्वादोन." मग आवाज खाली आणून, "तिच्या माहेरचीच हाडं बारीक. आईला बघितलंस ना तिच्या? वारा आला तर या तारेला धरून उभी राहील. रक्तातच हाय त्यांच्या. आपण काय करणार?"

गंमत अशी की विहीणबाई आल्या होत्या तेव्हा मला फाटकाशी गाठून त्यांनीही हेच सांगितलं होतं, फक्त बोट उलट दिशेला होतं. "आमच्याकडं तीन किलोच्या खाली कोणी जन्मलं नाही हो!" बाळ दोन्हीकडचं, पण त्याचं कमी वजन कुणाचंच नाही.

मी विचारलं, "मावशी, सून मशेरी लावत होती ना?"

"थोडी. तिसऱ्या महिन्यात मळमळायला लागलं म्हणून मीच दिली. आणि मी नाय लावली? तिन्ही पोरांच्या वेळी लावली. थोरला बघ, दारातून वाकून येतो."

मशेरीची सगळी अडचण इथेच आहे. तिला कोणी तंबाखू म्हणतच नाही. पान तव्यावर काळं झालं, कुटलं, डबीत गेलं की ते दात घासायचं औषध. सून बिडी ओढताना दिसली असती तर अख्ख्या आळीने तोंडात बोटं घातली असती. इथे बोट तोंडात घालतात ते मशेरी लावायलाच, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

माझी भाची मुंबईत असल्याच विषयात शिकते. तिच्याकडून ऐकलेलं मी मावशीच्या कानावर घातलं. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईत घरोघर जाऊन १२१७ गरोदर बाया शोधल्या, बाळंत होईपर्यंत त्यांची नोंद ठेवली आणि २००४ साली ते छापलं. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली, आणि सहा दिवस आधी जन्मली. वय, शिक्षण, घरची परिस्थिती, आईचं वजन, रक्त कमी असणं, या सगळ्याचा हिशेब धरूनसुद्धा अडीच किलोच्या आतलं बाळ होण्याची शक्यता जवळजवळ दीडपट होती.

"एकशेपाच ग्राम म्हंजे किती?"

"दोन अंडी."

"दोनच?" मावशीने तवा उतरवला. "मग एवढा गाजावाजा कशाला?"

"सरासरी आहे गं. कुणाचं एक अंडं जातं, कुणाची अर्धी टोपली."

तर ही अर्धी टोपली कुणाची, याचं उत्तर अमेरिकेत बोस्टनला सापडलं, २००२ साली. तिथे सिगारेटचा धूर होता, मशेरी नव्हे, हे आधीच सांगते. ७४१ आया तपासल्या. गरोदरपणभर ओढत राहिलेल्यांची बाळं सरासरी ३७७ ग्रॅम हलकी. मग तिथल्या संशोधकांनी आयांची दोन जनुकं पाहिली. नावं रिक्षाच्या नंबरासारखी: सीवायपी१ए१ आणि जीएसटीटी१.

"तिथंपण जीएसटी?" मावशी दचकली.

मी तिला आपल्या भाषेत सांगितलं. शरीरात दोन कामवाल्या आहेत असं समज. पहिली धुरातला विषारी कचरा फोडून ओट्यावर पसरवते, दुसरी तो भरून बाहेर टाकते. काही माणसांत ही दुसरी जन्मापासूनच नसते, ते जनुकच गायब. आणि पहिली वेगळ्या वळणाची, दुसरी घरात नाहीच, असं ज्या आईच्या बाबतीत होतं, तिने सिगारेट ओढली तर बाळ तब्बल १२८५ ग्रॅम हलकं निघालं.

मावशी गप्प झाली. ती गप्प झाली की भीती वाटते.

"म्हंजे माझी दुसरी बाई कामावर होती?" ती शेवटी म्हणाली. "म्हणून थोरला उंच?"

"असेल. तुझ्या सुनेची आहे की नाही, ते तिच्या कपाळावर लिहिलेलं नाही."

"म्हंजे रक्ताचाच दोष ना? मी काय वेगळं सांगितलं?"

हिला वकील करायला हवं होतं. मग मी शेवटचं काढलं. कार्डिफच्या संशोधकांनी २००९ मध्ये टेस्टट्यूबने झालेली मुलं पाहिली. त्यांतल्या काहींची कूस एकीची, बीज दुसरीचं. म्हणजे आईचं माहेर बाळाच्या रक्तात नावालाही नाही. तरीही गरोदरपणी ओढणाऱ्या आयांची ती बाळंसुद्धा हलकीच. माहेरची हाडं मध्ये आलीच नाहीत, मग दोष कुणाला द्यायचा?

तेवढ्यात आतून बाळ रडलं, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. सून दारात आली, पदर सावरत, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "आई, दाढ दुखतेय. डबी कुठंय?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. मशेरी अजून गरम होती. तिने ती कागदावर ओतली, पुडी बांधली आणि मायाळूच्या वेलावरून माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडं ठेव. डबीपण देते. सुनेला कळू देऊ नकोस. आणि मी मागायला आले तरी द्यायची नाय, समजलं?" मग सुनेला ओरडून, "लवंग धर दाढेत, आणि गाडी करून पनवेलला दाताच्या डॉक्टरकडं जाऊ!"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, अजून हायवेचे दिवे चालू होते, तारेपाशी खोकल्याचा आवाज.

"गो... जागी हायस? चिमूटभरच दे. सुनेसाठी नाय, माझ्यासाठी. मी काय आता गरोदर हाय का?"