गार चहाचा मान

चहा गार झाला, की एकेकाळी घरात आदळआपट व्हायची. आता तोच चहा दूध वगळून, उंच ग्लासात, पुदिन्याचं पान खोचून आला, की आधी फोटो निघतो.

याचं श्रेय रिचर्ड ब्लेचिंडन यांना देतात. 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ते भारतीय चहाची जाहिरात करत होते. उकाड्यात गरम चहाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यांनी तो बर्फ घालून विकला, असं सांगतात. गार चहाची कृती अमेरिकेत 1879 सालीच पुस्तकात छापून आली होती. पण शोध लावणाऱ्यापेक्षा स्टॉल लावणारा नेहमीच मोठा!

घरी करायला शास्त्र लागतं. बर्फ वितळून चव पातळ होणार, म्हणून पत्ती दुप्पट. साखर गारात लवकर विरघळत नाही, म्हणून आधी पाक. कडक चहा फ्रीजमध्ये गेला, की कॅफिन आणि पॉलिफेनॉल हातमिळवणी करतात आणि चहा गढुळतो. थोडं उकळतं पाणी ओतलं, की युती फुटते.

कॉफीचा थाट त्याहून मोठा. जाडसर दळलेली पूड गार पाण्यात बारा तास तरी भिजवायची. सकाळी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर भुवया चढवणारे गृहस्थ या कॉफीसाठी रात्रभर धीर धरतात. मग ती फडक्यातून गाळतात, बर्फावर ओततात, डोळे मिटून घोट घेतात, 'वा!' म्हणतात आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारतात, "जरा आल्याचा चहा टाकतेस का?"