मालक शांतच आहेत

घरमालकाने संकटात शांत कसं राहावं, हे शिकवणाऱ्यांनी एकदा उमरखेडला यावं. इथला घरमालक आधीच शांत आहे. तो पुण्यात असतो.

मुलगा आयटीत, नातू लहान, म्हणून रिटायर झाल्यावर काका-काकू तिकडे. इथल्या दुमजली घरात खाली बँकेतले एक साहेब, वर शाळेतले सर. जुलैत झड लागली की स्लॅब झिरपतो आणि पाण्याची ओघळ भिंतीवरून नेमकी लाइटच्या बोर्डाकडे उतरते. सर फोन लावतात.

"काका, बोर्डाजवळ पानी येऊन राह्यलं."

"पाऊस हाय नं. थांबला की वाळते."

विपश्यनेला दहा दिवस बसूनही लोकांना एवढं साधत नाही.

हेच काका इसापूर धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर दिसला की रात्री अकराला फोन करतात. पैनगंगा गावापासून काही किलोमीटर लांब वाहते. ती जिना चढून वर येणार नाही, हे काकांना जन्मापासून ठाऊक आहे. तरी विचारतात, "घर ठीक हाय नं?" घर ठीक असतं. घरातल्या माणसांची चौकशी पुढच्या फोनला. आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडं जमा झालं नाही, तर सहा तारखेच्या सकाळी जो आवाज कानी पडतो, त्याला शांत म्हणायला जीभ रेटत नाही.

खरं तर अशा वेळी डोकं थंड राहतं ते आधीच्या तजविजीमुळे. मेन स्विच कुठला, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी दाखवलेलं असावं. टाकीचा कॉक फिरतो की गंजून बसलाय, हे उन्हाळ्यात बघितलेलं असावं. रात्री फोन उचलणारा एक वायरमन ठरलेला असावा. यातलं काहीच महाग नाही. महाग आहे ते एक वाक्य: "दोन हजारांपर्यंत मला विचारू नका, करून घ्या." हे वाक्य घरमालकाच्या घशात असं अडकतं की तिथेही प्लंबर लागावा.

मग भाडेकरूलाही विचारायची सवय जडते. सिलिंडरचा वास आला तरी आधी मालकाला फोन! अहो, गॅसगळतीला 1906 आहे, ओल्या बोर्डाला महावितरणचा 1912. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग नंबर फिरवा. लाइटचं बटण लावू नका, लागलेलं असेल तर बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पुण्याहून परवानगी येईस्तोवर गॅस थांबत नाही.

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घर दुरुस्त ठेवणं मालकाच्या गळ्यात घातलं आहे. नोटीस द्यायची, निदान पंधरा दिवस द्यायचे, तरी मालक हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. म्हणजे महिना पाच हजारांच्या घरात वर्षाला पंधरा हजार. कायदाही तसा शांतच. पंधरा दिवस थांबायचं आहे, हे तेवढं स्लॅबला कळवायला हवं. बाकी भांडण झालं म्हणून मालकाने पाणी-वीज तोडली, तर मात्र तो गुन्हा आहे. हे इथे फारसं कोणी कोणाला सांगत नाही.

सरांचा अकरा महिन्यांचा करारनामा मोठा वाचनीय आहे. भिंतीला खिळा ठोकू नये, गच्चीवर पापड वाळवू नयेत, पाहुणा तीन दिवसांवर टिकू नये, सगळ्याची कलमं आहेत. मीटरवर पाणी आलं तर काय, याचं कलम नाही. सरांनी नूतनीकरणाच्या वेळी ते घालायला सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "घालू नं. भाडं पाचशेनं वाढवून घालू."