आधी मूल वर्गात, मग कागद फायलीत

मुलाला पालिकेच्या शाळेत घालायला काय लागतं? कायद्याला विचाराल तर मूल. शाळेत विचाराल तर जन्मदाखला, आधारकार्ड, जुन्या शाळेची एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा आणि फोटो.

कल्याण पूर्वेत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी जालन्याहून लेकीला आणलं. पोरगी तिसरी पास. प्लास्टिकच्या पिशवीत प्रगतिपत्रक, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स. शाळेत उत्तर मिळालं, "एलसी आणा, मग बघू." एलसीसाठी जालन्याला जायचं म्हणजे भाडं, दोन दिवसांचा खाडा आणि कापलेला पगार. तोवर पोरगी घरी बसून धाकट्या भावाला सांभाळते. तिचा अभ्यास त्या पिशवीत अडकला आहे.

असं अडवणं सरळसरळ बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम ५ सांगतं, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर मुळीच येत नाही. दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही. कलम १५ नुसार मुदत उलटली म्हणूनही नाही. आधारचं म्हणाल, तर शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगून टाकलं आहे.

मग मुख्याध्यापक अडवतात का? सगळे काही दुष्ट नसतात. शिक्षकांची पदं ठरतात संच मान्यतेत, आणि अलीकडे तिथे भर असतो आधार पडताळलेल्या पटावर. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पोषण आहार खातं, पण पदं मोजताना त्याला मोजून घ्यायला वेगळी खटपट करावी लागते. त्यात विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी सरल पोर्टलवर जुन्या शाळेने नाव सोडल्याशिवाय नव्या शाळेत चढत नाही. जिच्या फोनमध्ये बोलण्यापुरताही रिचार्ज नसतो, त्या आईने दोन शाळांचे संगणक जुळवायचे? ते काम शाळेचं. तिथे फोन आहे, लॉगिन आहे, पगारी माणूस आहे.

राहत्या जागेच्या पुराव्याचा हट्ट तर आपल्या ठाणे-कल्याण भागात क्रूरच आहे. डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडा, असा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. खोट्या कागदांवर महारेराचे नंबर मिळवलेल्या या इमारतींत लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. या माणसांनी कुठल्या पत्त्याचा पुरावा द्यायचा? दिवा, मुंब्रा, आंबिवलीच्या चाळींत मालक भाडेकरार नोंदवायलाच तयार नसतो. आणि याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांच्या सोडतीला अर्ज करायचा तर नोंदणीकृत करार हवा, तोही अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा. नकाशावर घराची खूण चुकली तरी अर्ज बाद होण्याची धास्ती.

त्याच सोडतीवर सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला घाला घातला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. बरं झालं. पण ज्या सरकारने "जवळच आमची शाळा आहे, तिकडे जा" म्हटलं, त्याने त्या शाळेचं दार तरी विनाअट उघडं ठेवायला नको?

कायद्याने मूल शोधायची जबाबदारी आईवर टाकलेलीच नाही. कलम ९ ती स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेवर टाकतं. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घ्यायचं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरखाली पत्र्याच्या शेडमध्ये वाढणारी पोरं, कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवरची कातकऱ्यांची पोरं, सगळी यात आली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हा राज्य मुलाच्या मागे फिरत होतं. आज आई दाखल्यामागे फिरते.

तक्रारीची सोय कलम ३२ मध्ये आहे. स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाल द्यायचा. म्हणजे १५ जूनला परत पाठवलेल्या मुलाचा फैसला सप्टेंबरात, तोवर पहिली घटक चाचणी होऊन गेलेली.

म्हणून दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांनी शाळा उघडण्याआधी एका पानाचा आदेश काढावा. आलेलं मूल त्याच दिवशी वयानुसार वर्गात बसवायचं. एलसी, आधार, सरलची खटपट शाळेने नंतर करायची. नकार द्यायचाच असेल तर कारणासह लेखी. हा आदेश प्रत्येक शाळेच्या फाटकावर मराठी, हिंदी आणि उर्दूत लावावा.

आणि आईबापांनो, तोंडी नकार ऐकून परत फिरू नका, त्याची कुठेच नोंद होत नाही. साध्या कागदावर मुलाचं नाव, वय, इयत्ता लिहा, शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज पालिकेच्या शिक्षण विभागात आवक-जावक टेबलावर द्या. लिहिता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला बसवा. दहा मिनिटांचं काम आहे.