जमा : दोन मुठी चिवळ

भेंडीला लग्नसराई कळत नाही. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला आम्ही चार दिवस अमरावतीला गेलो. निघताना झाडांवर करंगळीएवढ्या कोवळ्या भेंड्या होत्या. परत आलो तेव्हा त्यांच्या जागी पोलिसाच्या दंडुक्याची धाकटी भावंडं लोंबत होती. सुरीने कापेनात. ‘अडकित्ता आणू का?’ असं बायकोने विचारलं, आणि ते मदत म्हणून विचारलेलं नव्हतं. फूल येऊन गेलं की पाच-सहा दिवसांत भेंडी तोडावी लागते, उन्हाळ्यात तर एक दिवसाआड झाडांवरून हात फिरवावाच लागतो. चुकलात, की झाडाला वाटतं, बी धरलं, आपलं काम झालं. मग ते नवी फुलं देणं आवरतं घेतं. निवृत्त माणसाने हे झाडाकडून ऐकून घेणं जरा जड जातं.

आमची सांदवाडी घरामागे आहे, सेवाग्राम रस्त्याच्या अंगाला. पुण्याचे पाहुणे तिला परसबाग म्हणतात आणि तेवढ्यापुरती ती मोठी झाल्यासारखी वाटते. चाळीस बाय तीस फूट जागा, एक विहीर, एक शेवगा, एक गोडलिंब, आणि उरलेल्या जागेत माझं शहाणपण. बत्तीस वर्षं बँकेत खाती सांभाळल्यामुळे वाडी करायची म्हटल्यावर बियांच्या आधी वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

पवनार आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या परंधाम आश्रमात १९५० साली विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. आश्रमाने पैशावर जगायचं नाही, लागेल ते आपल्या हाताने पिकवायचं. बैलही नकोत, म्हणून रहाट माणसांनीच ढकलायचा. इंजिनाची शेती, बैलाची ती ऋषभशेती आणि नुसत्या हातांची ती ऋषिशेती, असे तीन प्रकार विनोबांनी केले होते. शब्दाचं शेपूट जरासं हलवून एवढा पल्ला मारणं त्यांनाच जमे. माझी शेती तिन्हींत बसत नाही. पंप आहे म्हणून ऋषी नाही, बैल नाही म्हणून ऋषभ नाही, आणि मेमध्ये पंप पाण्याऐवजी हवाच ओढतो म्हणून इंजिनाचीही म्हणता येत नाही. कांचनमुक्ती मात्र मला फार सहज साधली. हिरवी नेट, पाइप, पंपाची दुरुस्ती, शेणखताची ट्रॉली असं सगळं नावेच्या बाजूला ओळीने उभं आहे. एकदा मी गेल्या उन्हाळ्यातल्या भेंडीचा किलोमागे पडलेला भाव काढला. आकडा इथे देत नाही. हे लिखाण घरातही वाचलं जातं.

वर्ध्याच्या मे महिन्यात वाडी करणं म्हणजे काही पिकवणं नव्हे, आहे ते मरू न देणं. पारा पंचेचाळीसवर जाऊन बसला की माणूस आणि झाड दोघांच्या मागण्या सारख्याच होतात: सावली आणि पाणी. सावलीसाठी पूर्वी पऱ्हाट्यांचा मांडव घालत. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीला, थोडी कुंपणाला, थोडी मांडवाला. तिची सावली भोकाभोकांची असते, झाडाला ऊनही मिळतं आणि चटकाही बसत नाही. पण पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीचे कोष तग धरून राहतात, म्हणून कृषी खात्याचे लोक तिचे ढीग घराशी ठेवू देत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. मग मी नेट आणली. पऱ्हाटी फुकट होती हे वहीत लिहायला रकाना नाही.

पाण्याची गोष्ट याहून नामुष्कीची. मातीचा माठ वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचा, भरून झाकायचा, पाणी झिरपत मुळांना पोचतं, असं जुने लोक करीत आले आहेत. मलाही ते पटलं. घरात तीन जुने माठ पडून होते. पाणी गार होत नाही म्हणून रिटायर केलेले. पुरले, भरले आणि ऐटीत वाट पाहू लागलो. रोज सकाळी झाकण काढून पाहावं तर पाणी जसंच्या तसं. मला वाटलं, किती ही काटकसर! पंधरा दिवसांनी ढेमशाचे दोन वेल वाळून काडी झाले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. या तिघांची छिद्रं क्षारांनी बुजली होती, म्हणून तर ते घरातून निघाले होते. मग कुंभाराकडून नवे माठ आणले आणि पुरले. ‘म्हणजे वेलाला नवा माठ आणि आपण फ्रिजचं पाणी प्यायचं?’ इति बायको. यावर उत्तर नव्हतं. वहीत माठांची किंमत मी ‘किरकोळ’मध्ये टाकली.

शिवाय विहिरीवर दुसरा हक्कदार आहे, तो म्हणजे कुलर. रात्रभर तो घटाघटा पाणी पितो. त्याच्या टाकीत उरलेलं पाणी मी एकदा वांग्यांना घातलं. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, हे माठाने शिकवूनही डोक्यात राहिलं नव्हतं. वांगी बिचारी सोशीक. पानांच्या कडा करपल्या, पण झाडं टिकली.

टोमॅटोंनी एवढंही सोसलं नाही. पारा पस्तीस-छत्तीसच्या वर राहू लागला की त्यांचा पराग निकामी होतो आणि फुलं देठासकट गळतात. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे त्यांनी हात वर केले, ते पावसाळ्यापर्यंत. दोडक्याची तऱ्हा वेगळी. मांडवावर पिवळ्या फुलांची नुसती दाटी, मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली. शेजारच्या काकूंनी मान वाकडी करून फुलांच्या मागे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, हे सगळे नर हायेत.’ मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीच असतो, नर फुलाच्या मागे नुसता देठ. उन्हाचा ताव वाढला आणि दिवस मोठा झाला की या वेलांना नर फुलंच जास्त येतात. मांडव भरलेला, वऱ्हाडी चिक्कार आणि नवरीचा पत्ता नाही. (वऱ्हाडी हा शब्द जपून वापरला पाहिजे. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे आम्ही. पण लग्नात सगळेच वऱ्हाडी.) जी एक-दोन मादी फुलं आली, त्यांचे दोडके वानरांनी नेले. काळ्या तोंडाची ती टोळी दुपारी दोनला, मी कुलरसमोर असताना येते. मोठी वानरं शेवग्याचा पाला ओरबाडतात, पिल्लं हिरव्या नेटवर उड्या मारतात. नेटची किंमत कोणत्या करमणुकीत खर्ची पडली हेही वहीत नीट लिहिता आलेलं नाही.

याच दिवसांत हळदीचा वाफा खणून तापत ठेवायचा असतो. बेणं वायगावचं, म्हणजे आमच्या जिल्ह्यातलंच. २०१६ साली त्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मी तिच्याशी जरा अदबीने वागतो. विनोबांना पवनारला खणता खणता जुन्या मूर्ती सापडल्या होत्या, भरत-राम भेटीचं शिल्प आजही तिथे आहे. मी वाफा खणला तेव्हा मला स्टीलचा चमचा सापडला. आमचाच होता, सहाच्या जोडातला सहावा, वीसेक वर्षांपूर्वी हरवलेला. त्यावरून तेव्हा एका मोलकरणीला बोल लागला होता. चमचा मी जमेच्या बाजूला लिहिला. बायकोने ती ओळ वाचली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

निंदणाला आठवड्यातून एकदा एक आजी येतात. त्यांची मजुरी दर शनिवारी नावेच्या बाजूला पडते. गेल्या महिन्यात त्या यायच्या आधीच मी हुशारी करून पाइपाच्या गळक्या जोडापाशी माजलेलं तण स्वतः उपटलं आणि उकिरड्यावर टाकलं. आजी आल्या, उकिरडा पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

‘भाऊ, हे कायले फेकलं? चिवळ हाय ना हे!’

‘आजी, तण आहे ते.’

‘तन म्हन्ते! बजारात वाट्यानं इकत घेतेत लोकं.’

मग हळूहळू उलगडा झाला. तीन उन्हाळे मी जे मजुरी देऊन उपटून घेत होतो, ते आजी पदरात बांधून घरी नेत होत्या. वाडीतलं सगळ्यात भरवशाचं पीक माझ्या वहीत ‘निंदण’ या नावाने खर्चात जात होतं. चिवळ कोणी पेरत नाही. ओल दिसली की जमिनीला चिकटून पसरते, पानं राईच्या दाण्याहून थोडी मोठी, मांसल, पाणी साठवून बसलेली. सेहेचाळीस डिग्रीत बाकीची वाडी माना टाकते, ही तेव्हा इवलीशी पिवळी फुलं उघडून पाहते. निवडायला मात्र जिवावर येते. मुळं खुडा, माती झटका, पाच पाण्यांतून काढा; एवढ्या खटाटोपात परातभर भाजीची शिजून वाटीभर होते. भिजवलेली मुगाची डाळ, लसूण, लाल मिरची, वरून ज्वारीची भाकर. चव किंचित आंबट, आणि पोटाला थंड.

वर्ध्यात राहून हे मला ठाऊक नसावं, याची लाज वाटली. १९३५ साली गांधीजी इथल्या मगनवाडीत राहत होते, ग्रामोद्योग संघाचं बिऱ्हाड तिथे नुकतंच थाटलं होतं, आणि याच काळात ‘हरिजन’मधून ते हिरव्या पानांच्या आहाराविषयी लिहीत होते. सेवाग्रामला मी आजवर कितीतरी पाहुणे नेले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती दाखवल्या, साधेपणावर चार वाक्यं बोललो, घरी आलो आणि चिवळ उकिरड्यावर टाकली.

हा हिशोब दुरुस्त करायचा म्हणून मी आजींना सांगितलं, यापुढे चिवळ अर्धी-अर्धी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुमाले निवडता येते काय?’ येत नव्हती. शेवटी ठरलं ते असं: चिवळ सगळी आजींची, त्यातल्या दोन मुठी, निवडलेल्या, दर शनिवारी आम्हाला. माझीच जमीन, माझंच पाणी, आणि आजींनी मला बटईने ठेवून घेतलं. गेले चार शनिवार जमेच्या बाजूला नियमित पडणारी हीच एक ओळ आहे.

आता रोहिणी लागेल, नवतपा सुरू होईल. या नऊ दिवसांत जितकं तापेल तितका पाऊस चांगला, असं इथले शेतकरी म्हणतात, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. आणि नेमकं याच आठवड्यात आम्हाला यवतमाळला लग्नाला जायचं आहे, चार दिवस. शेजारपाजारच्यांना कळवतो: फाटकाला कुलूप नाही, विहिरीवर बादली आहे, माठांची झाकणं पाहून पाणी घालावं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, तोडेल त्याची. चिवळीला मात्र हात लावू नका. ती आजींच्या खात्यावर आहे.