पहिला अर्धा इंच माफ

"आपण कुणाची सवलत घेत नाही," हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की आमच्या हिला ते माझ्या आडनावाचाच भाग वाटतं. डावा पाय पोलिओनं दोन वर्षांचा असतानाच वाळला. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सूट मिळते, पण मी पूर्ण पैसे मोजायचो आणि कंडक्टरनं निदान कौतुकानं बघावं अशी अपेक्षा ठेवायचो. तो सुट्टे मागायचा.

या स्वाभिमानाला एक खिसा जबाबदार आहे. पोलिओच्या पायाला गुडघ्यात दम नसतो, भार दिला की तो दुमडतो. म्हणून माणूस दर पावलाला हातानं मांडी मागं रेटत चालतो. ते काही बघायला बरं दिसत नाही. मी कॉलेजात असताना तो हात पँटच्या खिशात घातला. आतून मांडी दाबायची आणि वरून राव मजेत फिरायला निघाल्यासारखं दिसायचं. काही मुलींना ती स्टाइल वाटते, असं मला वाटत असे. खिसा सारखा फाटायचा. आमच्या शिंप्यानं शेवटी तिथं गोणपाटाचा धाकटा भाऊ शोभेल असं जाड कापड लावायला सुरुवात केली. डावा पाय तो दीड इंच आखूड शिवायचा, आणि दोन्ही गोष्टींबद्दल गावात चकार शब्द काढायचा नाही.

पन्नाशीनंतर पाय व्याजासकट वसुलीला आला. पोलिओ होऊन कित्येक वर्षं गेल्यावर तेच स्नायू पुन्हा अशक्त होऊ लागतात, त्याला डॉक्टर पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मला त्याचा पत्ता संडासात लागला. बसलो तो उठताच येईना. कडी आतून. हाका मारल्यावर ही दारापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "सवलत हवीय का?"

तर अपंगत्वाचा दाखला काढायचं ठरलं. इथं सांगायला हवं, की माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या फाटकासमोरच आहे. संजय गांधी निराधार योजनेला दिव्यांगाच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50 हजार आणि इतरांची 21 हजार, हे मी झोपेतही सांगीन. निम्म्या तालुक्याचे अपंगत्वाचे अर्ज माझ्या हातून गेलेत. स्वतःचा अर्ज भरताना मात्र 'अपंगत्वाचा प्रकार' या रकान्यापाशी हात अडला. 2016 च्या कायद्यानं प्रकार 7 वरून 21 केले आहेत, पण त्यात 'स्वाभिमान' नाही.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी बोर्ड बसतो. इमारतीला रॅम्प होता. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. इथं तीन फुटांचा चढ पाच-सहा फुटांत उरकला होता. व्हीलचेअर वर नेणं अवघड, पण वरून सुटली तर थेट समोरच्या रसवंतीत. तशी वेळ येत नव्हती, कारण रॅम्पभर मोटरसायकली लावलेल्या होत्या.

आत दहावीच्या निकालाचं वातावरण. 40 टक्के म्हणजे पास. त्याखाली दाखला मिळतो, फायदे जवळजवळ नाहीत. "किती पडले?" "अडतीस." "अरेरे! पुन्हा अर्ज टाका." एक काका पायाचे 45 आणि कानाचे 30 घेऊन आले होते आणि घरून 75 ची बेरीज करून निघाले होते. त्यांना मिळाले 60. दोन अपंगत्वं एकत्र आली की सरळ बेरीज होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरेल त्याला धाकट्या आकड्यानं गुणायचं, 90 नं भागायचं आणि येईल ते मोठ्यात मिळवायचं. मी हे त्यांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी ते नीट ऐकलं, म्हणजे तीस टक्के वगळून ऐकलं, आणि विचारलं, "मग माझे पंधरा गेले कुठं?" मागून कुणीतरी म्हणालं, "जीएसटीत."

माझा नंबर आला. डॉक्टरांनी टेप लावली. पाय दीड इंच आखूड. म्हणाले, "आठ टक्के." कोष्टकात पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. आमच्या शिंप्यानं पहिला अर्धा इंच कधी माफ केला नव्हता. मग ताकद बघितली. ती पाचपैकी मोजतात. "जोर लावा." म्हटलं, "लावलाय." त्यांनी 2 लिहिले.

"आता चालून दाखवा."

काय सांगू! समोर पांढऱ्या कोटातली दोन-तीन माणसं, दारातून डोकावणारी रांग. माझा हात आपोआप खिशात गेला आणि मी असा चाललो, असा चाललो, की तसा लग्नातही चाललो नव्हतो. भिंतीपर्यंत जाऊन झोकात वळलोसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "चांगले चालताय की." मी म्हणालो, "थँक यू." क्लार्कनं पेन खाली ठेवलं.

त्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "तो हात जरा बाहेर काढा बघू. आणि चला."

हात काढला. पहिलं पाऊल पडलं, दुसऱ्याला मी बोर्डाच्या टेबलावर, फायलींसकट. बाहेर रांगेत कौतुकाची लाट पसरली. निघताना एकानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, ते पडणं कुठं शिकलात?"

52 टक्के पडले. शेजारी म्हणाले, फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. 40 ते 79 टक्क्यांचं कार्ड पिवळ्या पट्टीचं असतं, 80 च्या पुढं निळं. पिवळ्या रेशनकार्डासाठी हिनं पूर्वी बरेच हेलपाटे घातले होते. शेवटी घरात पिवळं काहीतरी आलं. दाखल्यावरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ तिनं मला मोठ्यानं सांगायला लावला. 'सुधारण्याची शक्यता नाही. फेरतपासणीची गरज नाही.' ती म्हणाली, "हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हा बोर्ड बसवावा लागला नाही."

पुढं साहित्याचं शिबिर. केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. दरमहा साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर साहित्य पूर्ण मोफत, तीस हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. म्हणजे उत्पन्नाचा दाखला आला. तो तर रस्ता ओलांडला की मिळतो! पण आमच्या तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज बघून भुवया उंचावल्या. "तुम्हीच तर परवा सांगत होता, दिवसाला दोन-अडीच हजार कुठं जात नाहीत म्हणून." सांगत होतो खरा. रोज चहा पाजताना माणूस धंद्याचा आकडा थोडा फुगवतोच. आता तोच आकडा त्यांच्यापुढं एकेक शून्य करून खाली उतरवावा लागला. शेवटी ते म्हणाले, "एवढी वाईट परिस्थिती असेल तर चहा मी पाजतो."

मोजमापाच्या शिबिरात मला मागायची होती कोपराची कुबडी, फक्त एक. पण रांग ही फार वाईट संगत. "कुबडी काय मागताय? सायकल मागा. कानपूरची असते, अलिम्कोची." 1972 साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कारखान्याचं नाव मी शेकडो अर्जांत टाइप केलेलं, त्यामुळे उगाच घरोबा वाटला. शिवाय सवलत एकदा घ्यायला लागल्यावर भीड किती दिवस धरायची? तीनचाकी सायकल, हातानं पॅडल मारायची, मी खूण केली. राहतो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खरी गरज संडासातल्या खुर्चीची. ती मी सर्जिकलच्या दुकानातून रोख पैसे देऊन, चादरीत गुंडाळून, अंधार पडल्यावर आणली आणि जिन्यात भेटलेल्यांना सांगितलं, पाहुण्यांसाठी आहे.

वाटपाचा कार्यक्रम झाला. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठीचा कार्यक्रम असल्यानं स्टेज चांगलं चार पायऱ्यांचं होतं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी आमच्या सहनशक्तीचं कौतुक केलं. माझं नाव पुकारलं, मी चढलो, कॅमेरे सरसावले आणि हात गेला खिशात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सायकलशेजारी मी ताठ, एक हात खिशात, चेहऱ्यावर शोरूममधून गाडी उचलल्याचा भाव.

सायकल दुकानापुढंच राहते. कागदाची रिमं आणायला उत्तम. गिऱ्हाईक तिच्यावर बसतं.

मागच्या आठवड्यात बाजूच्या गावातले एक सामाजिक कार्यकर्ते आले. सायकलवर ऐसपैस बसले आणि मजकूर सांगायला लागले. विषय : तालुक्यातील बोगस दिव्यांगांची चौकशी होणेबाबत. सोबत नावांची यादी आणि पुरावा म्हणून पेपरातलं कात्रण. मला सगळे झेरॉक्सवाले म्हणूनच ओळखतात, आणि मी काउंटरमागं बसलेला. यादीत चौथं नाव माझं. 'सदर इसम धडधाकट असून खिशात हात घालून फिरतो.' मी टाइप केलं. आडनावातली वेलांटी त्यांनी चुकवली होती, ती नीट केली. 'धडधाकट' वाचताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो शब्द ठळक केला.

"किती प्रती काढू?" मी विचारलं.

"तीन. आणि दिव्यांगांसाठीच्या कामाला काही सवलत देता का?"