काढणाऱ्याचं काम

काढून टाकणं हेही एक काम असतं, हे आमच्या अप्पांना पटत नाही. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. तिथे काम म्हणजे बांधणं, भरणं, गेलाबाजार मंजूर करणं. त्यामुळे दुबईतल्या अल बर्शा पाँड पार्कात, रात्री जरा ऊन-झळा ओसरल्यावर तळ्याभोवती फेऱ्या मारताना, माझी लेक त्यांना तिचं आवडतं एन्झाइम समजावू लागली तेव्हा अप्पांचा पहिला प्रश्न होता, "पण ते करतं काय?"

"काढतं, आजोबा."

"काय काढतं?"

"ॲसिटिल गट. दोन कार्बनचा."

"दोनच?"

एन्झाइमचं नाव एचडीएसी-८, म्हणजे हिस्टोन डीॲसिटिलेज-८. ३७७ अमिनो आम्लांची साखळी, आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो. तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावावा म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनच्या शेपट्यांमधल्या लायसिनवर धन भार. म्हणून दोघांची घट्ट मिठी. लायसिनवर ॲसिटिल बसलं की तो धन भार जातो, मिठी सैलावते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला शिरकाव मिळतो. ॲसिटिल काढलं की पुन्हा आवळलं, जनुक बहुधा गप्प. ॲसिटिलचा जनुकांच्या कामाशी असा संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑल्फ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. माणसातलं असं पहिलं काढणारं एन्झाइम हाती लागायला मात्र १९९६ उजाडलं.

"बसवणारं वेगळं असतं का?" अप्पांनी विचारलं.

"हो, ते वेगळं."

"म्हणजे एकानं बसवायचं, दुसऱ्यानं काढायचं, आणि दोघंही पगारी." सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे हा भाग त्यांना फार समजावून सांगावा लागला नाही.

मला स्वतःला भुरळ पडते ती त्याच्या आतल्या रचनेची. ती २००४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उलगडली. एन्झाइमच्या पृष्ठभागावरून एक अरुंद बोगदा आत जातो आणि त्याच्या तळाशी जस्ताचा एकच अणू बसलेला असतो. त्याला दोन ॲस्पार्टिक आम्लांनी आणि एका हिस्टिडीननं धरून ठेवलेलं. लायसिन आपला लांब हात बोगद्यात घालतं, टोकाला ॲसिटिल. जस्त आणि ३०६ क्रमांकाचं टायरोसिन मिळून त्या ॲसिटिलच्या ऑक्सिजनला ताणून धरतात. जस्तापाशीच पाण्याचा एक रेणू असतो. १४३ क्रमांकाचं हिस्टिडीन त्याच्याकडून एक प्रोटॉन काढून घेतं, तसं ते पाणी कार्बनवर धावून जातं. बंध तुटतो. मग तेच हिस्टिडीन घेतलेला प्रोटॉन लायसिनच्या नायट्रोजनला देऊन टाकतं. लायसिन धन भार परत मिळवून बाहेर, ॲसिटेटही बाहेर, आणि जस्त पुढच्याची वाट बघत जागच्या जागी. शेजारीच १४२ क्रमांकाचं आणखी एक हिस्टिडीन आहे. घेणारं कोण आणि देणारं कोण, यावर बरीच वर्षं खल चालला. २०१६ मधल्या प्रयोगांचा कौल असा पडला की दोन्ही कामं १४३च करतं.

हे सगळं होत असतानाचं चित्र घ्यायचं म्हणजे पंचाईत, कारण काम संपतं आणि गिऱ्हाईक निघून जातं. २००७ मध्ये संशोधकांनी एक लबाडी केली. त्या टायरोसिनच्या जागी फिनाइलॲलानिन घातलं. दोघांत फरक एका ऑक्सिजन अणूचा. एन्झाइमनं लायसिन आत घेतलं खरं, पण कापता येईना, आणि तशा अडकलेल्या अवस्थेत त्याचं चित्र निघालं.

अप्पा चालायचे थांबले. "एका अणूनं?"

त्यांनी अविश्वास दाखवला नाही. ज्या वस्तीत भर जूनमध्ये मॉल ऑफ द एमिरेट्सच्या पोटात माणसं बर्फावर घसरतात, तिथे त्यांनी अविश्वास दाखवणं केव्हाच सोडलंय.

पुण्याचं नाव निघालं तेव्हा तर ते खुललेच. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत संजीव गलांडे यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं की सॅटबी-१ या प्रथिनावर फॉस्फेट बसलं की ते एचडीएसी-१ या काढणाऱ्याला जवळ करतं, आणि नसलं की बसवणाऱ्याला. "म्हणजे वरून आदेश येतो तर," अप्पा समाधानानं म्हणाले.

नावाप्रमाणे एचडीएसी-८नं हिस्टोनवरचं ॲसिटिल काढावं. पण २०१२ मध्ये कळलं की पेशीत त्याचं एक मोठं काम भलतीकडेच आहे: गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणाऱ्या कड्यातल्या एसएमसी-३ या प्रथिनावर. ते काम बिघडलं तर बाळाला कॉर्नेलिया द लांगे सिंड्रोम होऊ शकतो. नाव एक आणि काम दुसरंच, याचं दुबईत राहणाऱ्याला नवल वाटू नये. व्हिसावर 'सेल्स' लिहिलेला माणूस इथे निम्म्या कंपनीचे हिशेब सांभाळत असतो.

हे बोगदे बुजवायची औषधंही आहेत. व्होरिनोस्टॅट बोगद्यात उतरून जस्तालाच धरून बसतं. त्वचेच्या एका लिम्फोमासाठी त्याला अमेरिकेत २००६ मध्ये परवानगी मिळाली. आता हे कौतुकाचं की काळजीचं, ते मला ठरवता येत नाही. एकेका पेशीत हजारो जनुकं, त्यांतली बरीचशी गप्प राहतात म्हणून डोळा डोळा आणि यकृत यकृत. ती गप्प ठेवणारी कामगार मंडळी आपण काही पेशींत मुद्दाम रोखून धरायची.

घरी आल्यावर जेवताना लेकीनं आजीला सांगितलं, की तुपात ब्युटिरिक आम्ल असतं आणि ते या कुळातल्या कितीतरी एन्झाइमांना अडवतं, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. आतड्यातलं बरंचसं ब्युटिरेट मात्र तंतुमय अन्नापासून तिथले जिवाणूच बनवतात, तुपाचा त्यात फारसा वाटा नाही, हे ती पुढे सांगणारच होती. पण सासूबाईंनी साताऱ्याहून बॅगेत गुंडाळून आणलेल्या बरणीचं झाकण तोवर उघडलं होतं, आणि चौघांच्याही वरणभातावर आणखी एकेक चमचा पडला होता.