नाण्यातला ण

ताप चढला की आमच्या घरी कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत. त्या बाटलीत एका जर्मन शहराचं नाव भरलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

ऱ्हाईन नदीकाठचं ते शहर स्वतःला क्योल्न म्हणवतं. इंग्रजीत त्याचं कलोन होतं. मूळ शब्द दोघांचाही नाही. इ.स. 50 मध्ये रोमनांनी तिथल्या वस्तीला ‘कोलोनिया’ केलं, म्हणजे वसाहतीचा दर्जा दिला. तो शब्द जर्मन तोंडात झिजून क्योल्न झाला, फ्रेंच तोंडात कोलोन्य झाला आणि इंग्रजांनी फ्रेंचांचंच स्पेलिंग उचललं. पुढे 18व्या शतकात योहान मारिया फारिना या इटालियन अत्तरवाल्याने आपल्या सुगंधी पाण्याला त्या शहराचं नाव दिलं. ते पाणी जगभर गेलं आणि इंग्रजीत गावाचं नाव अत्तराचं नाव होऊन बसलं.

यात क्योल्नचं काय बिघडलं? काहीच नाही. तिथल्या स्टेशनवर पाटी क्योल्नचीच आहे आणि तिथला माणूस आपलं गाव क्योल्नच सांगतो. परक्याने आपल्या भाषेत आपल्या सोयीने हाक मारली, तर तो अपमान नसतो. आपण तरी वेगळं काय करतो? ग्वालियरला ग्वाल्हेर म्हणतो, इंदौरला इंदूर. मराठी दप्तरांत हॉलंडचे लोक वलंदेज झाले आणि डेन्मार्कचे डिंगमार. दुसऱ्याचं नाव आपल्या जिभेवर बसवून घेणं ही जिवंत भाषेची खूण आहे.

माझी तक्रार परक्यांविरुद्ध नाही. ती कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत सुरू होते. पाठीवर सॅक घेतलेली मराठी मुलं कंडक्टरला विचारतात, “नानेघाटला कुठे उतरायचं?” कंडक्टर सांगतो, “नाणेघाट? वैशाखऱ्याच्या पुढे.” तो बरोबर बोलतो, कारण त्याने हे नाव ऐकून घेतलं आहे. मुलांनी ते मोबाइलच्या नकाशावर रोमन अक्षरांत वाचलं आहे.

एका अक्षराने काय होतं, असं म्हणू नका. नाणेघाट हा कोकणातून जुन्नरकडे चढणारा जकातीचा घाट. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. ‘नाणे’ म्हटलं की व्यापार, बैलांचे तांडे आणि कल्याण बंदर डोळ्यांपुढे उभं राहतं. ‘नाने’ म्हटलं की काहीच उभं राहत नाही. ण गेला, की घाटातलं नाणंच गेलं.

हे एका घाटाचं नाही. रोमन लिपीत ळ नाही, म्हणून सरळगावचं सरलगाव होतं, माळशेजचं मालशेज, टिटवाळ्याचं टिटवाला. ठाण्याचं स्पेलिंग इंग्रजांनी आधी टॅना केलं, मग थाना. आपण ते सुधारून घेतलं, तरी अनोळखी इंग्रजी वाचक त्याचा उच्चार ‘थेन’ करतो. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते ‘मी ठाणेला राहतो’ म्हणणाऱ्या मराठी मुलाचं. ठाणे, ठाण्याला. पुणे, पुण्याला. वैशाखरे, वैशाखऱ्याला. गावाचं नाव व्याकरणात वळतं, तेव्हाच ते आपल्या घरातलं असतं. जे नाव वळायचं थांबलं, ते नुसतं लेबल झालं.

इंग्रजांनी आपली नावं मोडली, हे रडगाणं आता पुरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात कल्याणचं ‘कल्लिएना’ लिहिलं. कल्याण कल्याणच राहिलं, कारण इथल्या माणसांनी ते ग्रीकांकडून वाचून घेतलं नाही. परक्याच्या वहीत आपलं नाव कसं आहे, याने नाव मरत नाही. आपण ते परक्याच्या वहीतून पाठ करू लागलो, की मरतं.

म्हणून मागणं साधं आहे. इकडच्या मुरबाड-शहापूर तालुक्यांतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याने, फार्महाऊसवाल्याने आणि ट्रेकच्या जाहिरातवाल्याने गावाचं नाव आधी देवनागरीत लिहावं, तेही तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. शाळांनी आपल्या पंचक्रोशीतली गावं, ओढे, पाडे आणि डोंगर यांची नावं मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत आणि वहीत उतरवून घ्यावीत. मोबाइलच्या नकाशात मराठी नाव चुकलं असेल, तर दुरुस्ती सुचवायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं द्या.

पटत नसेल तर एकदा वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जा. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. राणी नागनिका होती, तिचा राजा सातकर्णी होता. त्या मूर्ती आता नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत. त्यांच्यावर ब्राह्मीत कोरलेली नावं मात्र सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. तिथे कोण उभं होतं, ते आपल्याला कळतं ते केवळ त्या अक्षरांमुळे.

कोरणाऱ्याने दगडावर अक्षरं नीट कोरली. आपल्याला नाण्यातला ण फक्त नीट म्हणायचा आहे.